सातबारा, सलोखा आणि कमी झालेले हेलपाटे

आमच्या सातारा भागात जमिनीचं कुठलंही काम निघालं की पहिला प्रश्न असायचा, तलाठी भाऊसाहेब आज कुठल्या गावात आहेत. एका सज्जाला, म्हणजे एका तलाठ्याच्या हद्दीत, दोन-तीन गावं, त्यात भाऊसाहेब कधी तहसीलला मीटिंगला, कधी पंचनाम्याला, कधी निवडणुकीच्या कामात, म्हणजे त्यांनाही बोल लावून उपयोग नाही, पण शेतातलं काम टाकून आलेला माणूस एका सहीसाठी परत जायचा हे मी लहानपणापासून बघत आलोय.

आणि सातबारा कॉम्प्युटरवर आला तरी हे काही लगेच थांबलं नाही. महाभूलेख या सरकारी वेबसाइटवर उतारा दिसायचा पण तो नुसता बघण्यापुरता, कर्ज देणाऱ्या सोसायटीला आणि बँकेला पाहिजे तो सही-शिक्क्याचाच, मग परत चावडीवर, म्हणजे तलाठ्याच्या ऑफिसात जा. सगळं अडत होतं ते सहीवर, आणि ज्यांनी हे ओळखून १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा सुरू केला त्यांचं मला मनापासून कौतुक वाटतं. १५ रुपये भरले की घरबसल्या उतारा निघतो आणि तो चालतो.

पण त्याच्या आधी जे काम झालं ते मला जास्त मोठं वाटतं आणि त्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही. हाताने लिहिलेला सातबारा आणि कॉम्प्युटरमधला सातबारा जुळत नव्हता ओ. कुठं गुंठ्याचा आकडा चुकलेला, कुठं आडनाव भलतंच, कुठं पोटखराबा म्हणजे लागवडीला न येणारी जमीन गायब, कुठं एक भाऊ नोंदीतून गळालेला. असल्या उताऱ्यावर डिजिटल सही करून काय करणार? म्हणून २०१७ च्या उन्हाळ्यात गावोगाव चावडी वाचन घेतलं, उतारे लोकांसमोर वाचून दाखवले, लोकांनी चुका सांगितल्या, मग तलाठी आणि त्यांच्या वरच्या मंडल अधिकाऱ्यांनी बसून एकेक गट जुना-नवा ताडून बघितला. डोळे फोडणारं काम आहे ते. त्याचा फोटो कुठं छापून येत नाही, पण आज जो उतारा मोबाईलवर येतो तो त्या बसण्यामुळं विश्वास ठेवण्यासारखा झालाय.

ई-पीक पाहणीचं मात्र माझं मत थोडं वेगळं आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर आली, आपणच शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा, नमुना बारावर, म्हणजे सातबाऱ्यातल्या पिकांच्या भागात, नोंद लागते. कल्पना चांगली आहे कारण आपल्या रानात सोयाबीन आहे, आल्याचं पीक आहे का घेवडा हे आपल्याइतकं कोणाला माहीत असणार, पण काम शेतकऱ्यावर आलं आणि सत्तरीतल्या माणसाला ॲप कसं जमणार. पुढं त्यात सुधारणा होत गेल्या, एकाच मोबाईलवरून बऱ्याच खातेदारांची नोंद करता येते, पाटण-जावळीकडं रेंज नसली तर माहिती भरून ठेवून नंतर अपलोड करता येते, राहिलेल्यांसाठी सहायक नेमले. हे पहिल्या दिवसापासून असतं तर लोकांचा त्रास वाचला असता.

आता सलोखा योजना घ्या, ही तर मला फारच आवडली. पूर्वी जमिनीच्या तुकड्यांचं एकत्रीकरण झालं तेव्हा जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, आणि कित्येक ठिकाणी असं झालं की कागदावर नाव एका गटाला आणि वहिवाट म्हणजे प्रत्यक्ष कसणं दुसऱ्याच्या गटात, आणि त्या दुसऱ्याचं उलटं. दोघंही आपापलं रान वडिलांपासून कसतायत, भांडण फक्त कागदावर, पण अदलाबदलीचा दस्त करायचा तर मुद्रांक शुल्क एवढं की कोणी त्या वाटेला जायचं नाही, मग कोर्टात तारखा. २०२३ च्या जानेवारीत सरकारनं सांगितलं, किमान १२ वर्षं एकमेकांची जमीन एकमेकांच्या ताब्यात असेल आणि दोघं राजी असतील तर मुद्रांक शुल्क १००० आणि नोंदणी फी १०००, बस. तलाठी आणि मंडल अधिकारी जागेवर येऊन पंचनामा करतात, शेजारच्यांचं म्हणणं घेतात. लोक कुठं अडलेत हे नीट बघितलं की असला उपाय सुचतो, त्याला कोट्यवधीचं सॉफ्टवेअर लागत नाही.

२०२५ ची जिवंत सातबारा मोहीम पण त्याच जातीची. बुलढाण्यात सुरू झाली आणि मग राज्यभर घेतली. आजोबा वारले, वडीलही थकले, तरी उताऱ्यावर आजोबाच, त्यामुळं पीककर्ज अडतं, नुकसानभरपाई अडते. इथं वारसांनी अर्ज करायची वाट न बघता गावातल्या मयत खातेदारांची यादी चावडीनंच काढायची असं ठरलं, पहिलं पाऊल ऑफिसनं टाकायचं. लग्न होऊन गेलेल्या बहिणींची नावं वारसात लागतायत का हे मात्र घरातल्यांनीच प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे, तिथं सरकार किती पुरं पडणार.

तुमच्या उताऱ्यात अजून चूक असेल तर जुन्या हस्तलिखित सातबाऱ्याची नक्कल काढा आणि तहसीलदारांकडं महसूल अधिनियमाच्या कलम १५५ खाली अर्ज द्या, लेखनातली चूक असेल तर ती त्यात दुरुस्त होते. नक्कल जोडल्याशिवाय अर्ज देऊ नका आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका.