बर्णबा मार्कला घेऊन कुप्राला गेला

जय ख्रिस्त सगळ्यांना. बरेच दिवस लिहायचं होतं पण धीर होत नव्हता, कारण यात माझी एक चूक आहे आणि ती सांगितल्याशिवाय हे पुढे जाणारच नाही.

आमच्या तरुण संघात एक मुलगा कीबोर्ड वाजवायचा. एका वर्षी ऐन डिसेंबरमध्ये, कॅरोल राउंड चालू असताना, घरोघरच्या तारखा ठरलेल्या, आणि हा एक दिवस आलाच नाही, फोन बंद, नंतर कळलं की आता येणार नाही म्हणतोय. कारण त्याने कोणालाच सांगितलं नाही. आम्ही बिना कीबोर्डचे कसेतरी नाताळपर्यंत निभावून नेलं. दोन वर्षांनी एका रविवारी तो उपासनेनंतर माझ्याजवळ आला आणि म्हणाला, ताई, मी परत वाजवू का. मी तेव्हा सेक्रेटरी होते. मी म्हणाले, बघू, कमिटीत विचारते. आणि कमिटीत मी स्वतःच म्हणाले की ज्याने ऐनवेळी हात सोडला त्याच्यावर परत कसा भरवसा ठेवायचा. सगळ्यांनी माना हलवल्या, विषय संपला.

त्यानंतर काही महिन्यांनी बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये हे लूकने लिहिलेलं पुस्तक वाचताना १५ व्या अध्यायावर आले आणि तिथे माझंच वाक्य पौल या प्रेषिताच्या तोंडी सापडलं. शब्द वेगळे पण अर्थ तोच. पंफुल्यात (आजच्या तुर्कस्तानातला एक प्रांत) जो आम्हाला सोडून गेला आणि कामावर आमच्याबरोबर आला नाही त्याला परत बरोबर घेणं बरं नाही.

हा सोडून गेलेला म्हणजे योहान मार्क, यरुशलेमेतल्या मरीयेचा मुलगा. ही तीच मरीया जिच्या घरी मंडळी येशूचा शिष्य पेत्र याच्यासाठी प्रार्थना करत होती आणि पेत्र तुरुंगातून सुटून दारात उभा राहिला तर रुदा नावाची दासी आनंदाच्या भरात दार उघडायचंच विसरली. म्हणजे मार्क अशा घरात वाढलेला. पौल आणि त्याचा सोबती बर्णबा सुवार्ता सांगायला पहिल्या फेरीवर निघाले तेव्हा त्याला मदतीला बरोबर घेतलं, कुप्र (सायप्रस) बेट सगळं पार केलं, मग समुद्र ओलांडून पंफुल्यातल्या पिर्गाला पोहोचले आणि तिथून हा परत यरुशलेमेला निघून गेला. का गेला ते लूक लिहीत नाही. पुढे डोंगरातला रस्ता होता म्हणून घाबरला, घरची आठवण आली, आजारी पडला, लोक अंदाज करतात, पण वचनात कारण नाही आणि मला वाटतं आपणही ते भरू नये.

इथे पौलाला वाईट ठरवणं सोपं आहे पण ते बरोबर नाही. मार्क गेल्यानंतर काय काय झालं बघा, लुस्त्र गावात लोकांनी पौलाला दगडमार केला आणि मेला समजून ओढत गावाबाहेर टाकलं, आणि हा माणूस उठून परत त्याच गावात गेला. ज्याने हे सोसलंय त्याला, मधूनच घरी गेलेल्या माणसाला परत बरोबर घ्यावंसं वाटलं नाही तर त्यात नवल काय. काम महत्त्वाचं होतं, जीव धोक्यात होते. त्याचं म्हणणं चुकीचं होतं असं मला आजही म्हणता येत नाही.

पण दुसऱ्या फेरीवर मार्कला घ्यायचंच म्हणून बर्णबा ऐकेना. आणि वाद इतका वाढला की दोघं वेगळे झाले, पौल सीला नावाच्या दुसऱ्या सोबत्याला घेऊन सूरियाकडे गेला आणि बर्णबा मार्कला घेऊन जहाजात बसून कुप्राला गेला. मार्क त्याचा नातलग होता म्हणून त्याने बाजू घेतली असं पटकन म्हणता येतं. पण मग पौलाचं काय? तो कोण लागत होता बर्णबाचा? शौल, म्हणजे हाच पौल, आधी मंडळीचा छळ करायचा; तो यरुशलेमेला आला तेव्हा सगळे शिष्य त्याला घाबरत होते, हा खरंच विश्वासणारा झालाय यावर कोणाचा विश्वास बसत नव्हता, तेव्हा हाच बर्णबा त्याला हाताला धरून प्रेषितांकडे घेऊन गेला. नंतर अंत्युखियात काम वाढलं तेव्हा हाच तार्सला जाऊन त्याला शोधून घेऊन आला. म्हणजे पौल ज्या दारातून आत आला ते दार बर्णबाने उघडलं होतं, आणि आता तो तेच मार्कसाठी उघडत होता. त्याचं खरं नाव योसेफ, प्रेषितांनी त्याला बर्णबा म्हणजे बोधपुत्र, धीर देणारा असं नाव दिलं. असं नाव माणसाला उगीच पडत नाही.

तो काही परिपूर्ण होता असं नाही हं. गलतीकरांच्या पत्रात पौल लिहितो की अंत्युखियात परराष्ट्रीयांबरोबर, म्हणजे यहुदी नसलेल्यांबरोबर, जेवायचा प्रश्न आला तेव्हा यरुशलेमेहून आलेल्या लोकांना बघून पेत्र मागे सरला आणि बर्णबासुद्धा त्यांच्याबरोबर वाहवत गेला. माणसांना धरून ठेवणाऱ्या स्वभावाची ही दुसरी बाजू, कधीकधी कोणालाच दुखवायला नको म्हणून सत्याला ठेच लागते. तेव्हा पौलासारखा कडक माणूस लागतोच.

मला सगळ्यात जास्त खिळवून ठेवतं ते यापुढचं. ते जहाज कुप्राकडे गेलं आणि प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात बर्णबाचं नाव परत येत नाही. कुप्रात त्याने मार्कला काय शिकवलं, किती वेळा समजावलं, मार्क किती वेळा रडला असेल, एक ओळ नाही. पुस्तक पौलाबरोबर पुढे जातं. आणि मग कितीतरी वर्षांनी पौल कैदेत आहे, कलस्सैकरांना पत्र लिहितोय आणि म्हणतोय की मार्क तुमच्याकडे आला तर त्याचा स्वीकार करा. फिलेमोनाच्या पत्रात त्याला सहकारी म्हणतो. आणि तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात, मरण समोर दिसत असताना, मार्कला घेऊन ये, तो सेवेसाठी मला उपयोगी आहे. हे वाक्य ४ थ्या अध्यायात ११ व्या ओवीत आहे. त्याच्या वरचीच ओवी काढून बघा, देमास (पौलाचा एक सहकारी) मला सोडून गेला. एक सोडून गेला त्या दुःखात पौल कोणाला बोलावतोय, तर एकेकाळी सोडून गेलेल्यालाच!

पेत्रही त्याला माझा पुत्र म्हणतो. आणि मंडळीची जुनी परंपरा सांगते की याच मार्कने पेत्राकडून ऐकलेलं लिहून ठेवलं, तेच आपलं मार्ककृत शुभवर्तमान. येशूला तीनदा नाकारणारा पेत्र सांगतोय आणि मधूनच पळालेला लिहितोय. त्यात पुनरुत्थानाच्या सकाळी कबरेतला तरुण स्त्रियांना म्हणतो, त्याच्या शिष्यांना आणि पेत्राला सांगा. "आणि पेत्राला" हे दोन शब्द चारही शुभवर्तमानांत फक्त मार्कमध्ये आहेत, मत्तयात नुसतं शिष्यांना सांगा एवढंच आहे. मी आधी कितीतरी वेळा वाचलं होतं पण त्या दिवशी तिथून पुढे वाचताच आलं नाही.

आमच्या त्या मुलाचं सांगायचं राहिलं. मी नाही म्हणाले पण कॉयरमधल्या एका काकांनी त्याला दर शनिवारी संध्याकाळी आपल्या घरी बोलवायला सुरुवात केली होती, जुनी पेटी काढून दोघं गीतं बसवायचे, काकू चहा करायच्या. कमिटीच्या कुठल्याच मिनिट्समध्ये हे नाही, मला कळलं तेच वर्षभराने. आज तो रविवारशाळेत लहान मुलांना गाणी शिकवतो. मी त्याची माफी मागितली तर म्हणाला, ताई, तुमचं बरोबर होतं, मी खरंच सोडून गेलो होतो. यावर काय बोलायचं ते मला सुचलं नाही.

आता या रविवारी उपासनेनंतर परत मीटिंग आहे, उन्हाळी बायबल शाळेसाठी शिक्षक ठरवायचेत. गेल्या वर्षी तिसऱ्या दिवशी वर्ग सोडून गेलेल्या एका मुलीने परत नाव दिलंय आणि दोघातिघांचे फोन मला येऊन गेलेत की तिला नको. त्यांचं कारण खरं आहे, त्या दिवशी चाळीस मुलं वर्गात तशीच बसून राहिली होती. तिचं नाव मीटिंगमध्ये मीच घेणार आहे आणि पहिले तीन दिवस तिच्या वर्गात मी बसेन असंही सांगणार आहे. तुम्ही प्रार्थना करा.