बावीस शुभेच्छुकांची होडी

मी वर्सोव्याच्या बंदरावर फायबरचं काम करतो, होडीची भोकं बुजवायची, रेझिन मारायचं, एवढंच. मागच्या डिसेंबरात एक रिटायर्ड मास्तर आले, म्हणे माझी होडी जरा बघून दे. बघतो तर 2 लिटरच्या कोल्ड्रिंकच्या 600 बाटल्या जुन्या जाळ्यात कोंबलेल्या, वर बांबू, आणि शीड म्हणून वाढदिवसाचा फ्लेक्स! वर साहेबांचा हसरा फोटो, खाली 22 शुभेच्छुक. पोरं हसून लोळायची बाकी.

हसलो मी पण, पण मास्तरांचा हिशोब पक्का होता. एक बाटली जवळपास दोन किलो उचलते म्हणजे झाले बाराशे किलो, आणि यांचं माणसंबिणसं धरून पाचशे पण भरत नव्हतं. वरून मलाच ऐकवलं, 2010 साली प्लास्टिकी नावाची बोट साडेबारा हजार बाटल्यांवर सॅन फ्रान्सिस्कोहून सिडनीला गेली, मला तर समोर खाडीपलीकडे मढलाच जायचंय.

लोचा दुसराच होता. उन्हात झाकण लावलेली बाटली पाण्यात गार पडली की आतली हवा आकसते, बाटली चेपते, जाळं ढिलं. त्या प्लास्टिकीवाल्यांनी म्हणे बाटल्यांत ड्राय आइस, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, घातलेला, त्याचा वायू होऊन बाटली टणक राहते. मास्तरांनी आइस्क्रीमवाल्याकडून चुरा आणला आणि चिमूट चिमूट घालत बसले. एकीत जास्त पडला, ती अशी फुटली की बंदरावरची कुत्री पळाली, मी पण. (घरी करू नका बाबांनो.)

रविवारी सकाळी निघालो, मी लाइफ जॅकेट घालून, ओहोटी लागलेली. तरंगली मस्त! पण पुढे जाईना, आडवीच सरकायला लागली, कारण खाली पठाण, म्हणजे होडीचा कणाच नाही, सगळी होडी पाण्यावर आणि वर एवढा मोठा फ्लेक्स वाऱ्यात, त्यात ओहोटीचं पाणी खाडीच्या तोंडाकडे ओढतंय. मढ समोर होतं ते बघता बघता मागे गेलं. मास्तर सुकाणू धरून शांत, मी घामाघूम.

शेवटी एका नाखव्यानं दोर टाकला. ओढताना सगळ्या बंदराला ऐकू जाईल असा ओरडला, "मास्तर, साहेबांना कुठं घेऊन चाललात?"

दुसऱ्या दिवशी मास्तर परत हजर, खांद्यावर भंगारातल्या फ्रिजचं दार. "हे खाली उभं बसवलं तर आडवी जाणार नाही ना रे?"

बिजागरीचे स्क्रू गंजलेत, काढतोय.