नाताळच्या जेवणासाठी वाईन निवडताना : माझा अनुभव

वसईतल्या आमच्या घरी नाताळच्या जेवणाला सोरपोटेल (डुकराच्या मांसाचा आंबट-तिखट रस्सा), इंदियाल (व्हिनेगर-मसाल्यातले मांस) आणि फुगे (तळलेले गोल पाव) ठरलेलेच असतात. यंदा त्यांच्यासोबत द्यायची वाईन निवडण्याचे काम मोठ्या काकूंनी माझ्याकडे सोपवले.

यादी करणे मुळीच अवघड गेले नाही. मांसाला लाल आणि माशाला पांढरी हा प्रचलित नियम मी बाजूला ठेवला, कारण आपल्या ताटात चव ठरते ती व्हिनेगर आणि मिरचीवर. लाल वाईनमधील तुरट टॅनिनमुळे आणि जास्त मद्यार्कामुळे मिरचीची जळजळ वाढते, तर किंचित गोडव्यामुळे ती शमते. शिवाय वाईन आंबटसर असली की डुकराच्या मांसातील चरबी तोंडात साचत नाही. म्हणून सोरपोटेलसाठी नाशिकची थोडी गोडसर शेनिन ब्लाँ ही पांढरी वाईन, सुरुवातीच्या तळलेल्या पदार्थांसाठी ब्रूट, म्हणजे फारसा गोडवा नसलेली फेसाळ वाईन, लाल वाईनच हवी असणाऱ्या काकांसाठी ओकच्या पिंपात न मुरवलेली शिराझ आणि केकसोबत लेट हार्वेस्ट, म्हणजे उशिरा तोडलेल्या द्राक्षांची गोड वाईन, असे मी ठरवले.

खरा त्रास झाला तो दुकानात. आमच्या भागातील एका मोठ्या दुकानात वाईनच्या बाटल्या दर्शनी काचेच्या कपाटात, दुपारच्या उन्हात उभ्या करून ठेवलेल्या होत्या. वाईनला सर्वांत घातक दोन गोष्टी म्हणजे उष्णता आणि प्रकाश. पारदर्शक बाटलीतील रोझे (गुलाबी वाईन) किंवा ब्रूट तर प्रकाशाने फार लवकर बिघडते. आतील, सावलीत ठेवलेला माल दाखवावा अशी विनंती मी केली, तेव्हा गोदामातून मागवतो, उद्या या, असे उत्तर मिळाले. दुसऱ्या दिवशीही तेच उत्तर मिळाले आणि गर्दीत बराच वेळ ताटकळत उभे राहावे लागले. अखेर खोका आला, तेव्हा त्यातील शेनिन ब्लाँ कितीतरी हंगामांपूर्वीची निघाली. मी ते निदर्शनास आणून दिल्यावर विक्रेता म्हणाला, “ताई, वाईन जितकी जुनी तितकी चांगली.” हे वाक्य ऐकून मला अजूनही संताप येतो. मुरवण्याजोग्या वाईन मोजक्याच असतात; नाशिकची शेनिन ब्लाँ ताजेपणी प्यायची असते. तिथे द्राक्षतोडणी साधारण जानेवारी ते मार्च या काळात होते, त्यामुळे त्याच वर्षीची वाईन डिसेंबरात ऐन रंगात असते. राज्याने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले ते 2001 साली, ‘नाशिक व्हॅली वाईन’ला भौगोलिक मानांकन मिळाले 2010 साली, आणि तरीही त्याच वाईनचा विक्रेता लेबलवरील वर्षाची पर्वा करत नाही, ही गोष्ट मला अक्षम्य वाटते.

मी ती बाटली घेतली नाही. थोड्या दूरच्या, वातानुकूलित दुकानात मला हवी तशी ताजी वाईन मिळाली आणि तेथील मुलाने प्रत्येक बाटलीचे लेबल आपणहून माझ्यापुढे धरले, तेव्हा फार मोकळे वाटले. त्यामुळे नाताळच्या आदल्या आठवड्यात गर्दी उसळण्यापूर्वीच खरेदी उरका, बाटली हातात घेऊन वर्ष पाहा, आणि बूच वर सरकलेले किंवा तोंडाशी गळतीचा डाग दिसला तर ती निःसंकोच परत करा.

परिमाणाचे सांगायचे राहिले: 750 मिलिलिटरच्या बाटलीत 150 मिलिलिटरचे पाच पेले होतात, त्यावरून पाहुण्यांचा हिशेब करावा. लाल वाईन घरातील तापमानाला द्यावी हा सल्ला थंड देशांतील घरांसाठी आहे. आपल्याकडे डिसेंबरातही ती अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावी, म्हणजे 16 ते 18 अंशांच्या आसपास येते. ब्रूट मात्र 6 ते 8 अंशांइतकी गार हवी.

जेवणाच्या रात्री सोरपोटेलसोबत शेनिन ब्लाँ सर्वांत आधी संपली आणि शिराझचा आग्रह धरणाऱ्या काकांनीही दुसरा पेला तिचाच मागितला, याचा मला मनापासून अभिमान वाटला. लेट हार्वेस्ट थोडी उरली होती. झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये ठेवल्यामुळे ती नंतरही उरलेल्या केकसोबत उत्तम लागली.