थोरलं तापलंय आणि धाकटं पोटात

अंगणवाडी किंवा प्लेग्रुप सुरू झाला की पहिल्या वर्षात मूल आठ-दहा वेळा सर्दी-तापाने पडतं, आणि त्यात वावगं काही नाही. नाशिकमध्ये याचे दोन हंगाम ठरलेले. एक जुलै-ऑगस्टचा ओला, दुसरा डिसेंबर-जानेवारीचा, जेव्हा निफाडचा पारा पेपरात पहिल्या पानावर येतो आणि घराघरात खिडक्या बंद होतात. अशात आईला पुन्हा दिवस गेलेले असले की घरातून पहिली सूचना येते: "पोराला आजीकडे पाठवून दे." सूचना मायेची, पण बहुतेक वेळा उशिराची. असे बरेच विषाणू पुरळ किंवा ताप दिसायच्या एक-दोन दिवस आधीच पसरायला लागतात. मूल आजारी दिसेपर्यंत आईला जे लागायचं ते लागून गेलेलं असतं. त्यापेक्षा तीन गोष्टी आधी कळायला हव्यात: आजार नेमका कोणता, संपर्क कोणत्या तारखेपासूनचा, आणि आईच्या अंगात त्या आजाराविरुद्ध शक्ती आहे का.

साध्या सर्दी-पडशाने पोटातल्या बाळाचं काही बिघडत नाही. आईचा घसा धरेल, आठवडाभर झोपेचं खोबरं होईल, एवढंच. हात-पाय-तोंडाचे फोड (हल्ली लोक त्याला सरसकट 'टोमॅटो फ्लू' म्हणतात) दिसायला भयंकर, पण गरोदरपणात बहुधा निभावून जातात. खरी सावधगिरी लागते ती कांजिण्या, रुबेला (जर्मन गोवर), गाल लालबुंद करणारा पार्व्होव्हायरस, आणि फ्लू यांच्या बाबतीत.

कांजिण्यांपासून सुरुवात करू, कारण इथे वेळ हातची जाते ती अज्ञानाने कमी आणि संकोचाने जास्त. 'देवी आल्यात' म्हणून घरात फोडणी बंद, मुलाला आंघोळ नाही, उशाशी कडुलिंबाचा पाला, आणि डॉक्टरांकडे आठवड्यानंतर. पाल्याने अपाय नाही, राहू द्या. पण गरोदर बाईसाठी तो आठवडा मोलाचा असतो. आईला लहानपणी कांजिण्या नक्की येऊन गेल्या असतील किंवा लसीचे दोन्ही डोस झाले असतील, तर काळजीचं कारण नाही. आठवत नसेल तर रक्ताची व्हॅरिसेला आयजीजी तपासणी करायची, म्हणजे अंगात कांजिण्यांविरुद्ध शक्ती आहे का ते कळतं. ती निगेटिव्ह आली तर व्हॅरिसेला-झोस्टर इम्युनोग्लोब्युलिन नावाचं इंजेक्शन संपर्काच्या पहिल्या दिवसापासून 10 दिवसांच्या आत द्यावं लागतं, जितकं लवकर तितकं बरं. ते कोपऱ्यावरच्या मेडिकलच्या फ्रीजमध्ये नसतं, मागवावं लागतं आणि महाग पडतं. म्हणून पहिला फोड दिसला त्याच दिवशी गायनॅकला फोन. इंजेक्शन मिळालंच नाही तर संपर्कानंतर सातव्या दिवसापासून आठवडाभर विषाणूविरोधी गोळ्या देण्याचा पर्याय डॉक्टरांकडे असतो.

तारीख मोजताना गोंधळ होतो तो इथे: संपर्क फोड दिसल्या दिवशी सुरू होत नाही, त्याच्या दोन दिवस आधी सुरू होतो. सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत मूल संसर्ग देत राहतं. आईला लागण झालीच तर फोड 10 ते 21 दिवसांत दिसतात. इंजेक्शन घेतलं असेल तर हा काळ 28 दिवसांपर्यंत लांबतो. अंगावर पहिला फोड आला की 24 तासांच्या आत औषध सुरू व्हायला हवं. मोठ्यांना कांजिण्या जड जातात आणि गरोदर बाईला त्यातून न्यूमोनिया होऊ शकतो. धाप लागली, छातीत दुखलं तर घरी थांबायचं नाही. बाळाला व्यंग येण्याचा धोका मुख्यतः पहिल्या 20 आठवड्यांत असतो आणि तेव्हाही तो शेकडा एक-दोनच्या आसपास असतो. घाबरून गर्भपाताचा विचार करण्याजोगा तो आकडा नाही, पण सोनोग्राफी नीट करून घ्यायलाच हवी.

थोरल्याला कांजिण्यांची लस दिली आहे का, हेही आत्ताच कार्ड काढून बघा. सरकारी वेळापत्रकात ती नाही, खासगीत पहिला डोस साधारण 15 महिन्यांना देतात. आई गरोदर असताना मुलाला ही लस किंवा एमएमआर (गोवर, गालफुगी, रुबेलाची लस) द्यायला हरकत नसते, उलट द्यावीच. आईला मात्र या जिवंत विषाणूच्या लसी गरोदरपणात चालत नाहीत.

रुबेलाचं तसंच. महाराष्ट्रात गोवर-रुबेलाची मोठी मोहीम नोव्हेंबर 2018 मध्ये सुरू झाली, पण ती 9 महिने ते 15 वर्षं या वयोगटासाठी होती. म्हणजे आज पंचविशी ओलांडलेल्या बायका त्यातून सुटल्या. मुलाचे 9 आणि 16 महिन्यांनंतरचे दोन्ही एमआर डोस कथड्यातल्या झाकीर हुसेनमध्ये, नाशिकरोडच्या बिटकोत किंवा जवळच्या आरोग्य केंद्रात फुकट मिळतात. ते झालेले असले की घरातून रुबेला यायची वाट बरीचशी बंद होते.

पार्व्होव्हायरसमध्ये मुलाचे दोन्ही गाल चापट मारल्यासारखे लालबुंद होतात, मग हातापायांवर जाळीसारखं पुरळ उठतं. गंमत अशी की गाल लाल होईपर्यंत मूल संसर्ग द्यायचं जवळजवळ थांबलेलं असतं. निम्म्याच्या आसपास मोठ्यांना हा आजार नकळत होऊन गेलेला असतो. आईच्या रक्तातलं आयजीजी (जुनी शक्ती) आणि आयजीएम (ताज्या लागणीची खूण) तपासून नवी लागण निघाली, विशेषतः 20 आठवड्यांच्या आत, तर बाळाच्या अंगात रक्त कमी होतंय का हे पाहायला पुढचे 8 ते 12 आठवडे ठरावीक अंतराने डॉपलर सोनोग्राफी करतात.

आता रोजच्या सवयी. सीएमव्ही नावाचा विषाणू लहान मुलांच्या लाळेत आणि लघवीत असतो, मूल ठणठणीत असलं तरी. मुलाचा उष्टा चमचा चाटणं, त्याने अर्धवट खाल्लेली पोळी तोंडात टाकणं, ओठांवर पापी घेणं, या तीन गोष्टी गरोदरपणी सोडायच्या. कुशीत घेणं, कपाळावर पापी देणं यात धोका नाही. डायपर बदलल्यावर आणि शेंबूड पुसल्यावर साबणाने 20 सेकंद हात धुवायचे. सॅनिटायझरवर विसंबू नका. हात-पाय-तोंडाच्या आजाराचे आणि जुलाबाचे बरेच विषाणू त्याला फारशी दाद देत नाहीत, आणि ते मुलाच्या शीतून कित्येक आठवडे पडत राहतात, फोड केव्हाच बरे झालेले असले तरी. खेळणी पुसायला 5 टक्क्यांचं ब्लीच 20 मिली एक लिटर पाण्यात घालायचं, दहा मिनिटं ठेवून साध्या पाण्याने धुवायचं. हे काम बाबाने खिडकी उघडी ठेवून करावं. संडासच्या अ‍ॅसिडमध्ये ब्लीच कधीही मिसळू नये, त्यातून विषारी वायू निघतो.

मुलाच्या तापाचं औषध वजनावर द्यायचं, वयावर नाही. पॅरासिटामॉल दर किलोला 15 मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान चार ते सहा तास, चोवीस तासांत चारपेक्षा जास्त नाही. दहा किलोच्या मुलाला 150 मिलिग्रॅम होतात. आणि इथेच घरोघरी घोळ होतो, कारण एकाच नावाच्या तीन बाटल्या असतात: 5 मिलीत 125 वाली असेल तर 6 मिली, 5 मिलीत 250 वाली असेल तर 3 मिली, आणि थेंबांची, म्हणजे 1 मिलीत 100 वाली, असेल तर फक्त दीड मिली. थेंबांची बाटली सिरपसारखी 6 मिली पाजली तर चौपट डोस जातो. बाटलीवर मार्करने मिली लिहून ठेवा, म्हणजे रात्री दोनला आजी उठली तरी चुकणार नाही. पावसाळ्यात, डेंग्यू नाही हे ठरेपर्यंत, आयबुप्रोफेन किंवा मेफेनॅमिक असलेलं मिश्र सिरप नको. कांजिण्यांतही नको. अ‍ॅस्पिरिन तर मुलांना मुळीच नाही.

खोकल्याच्या सिरपचा सोस सोडलेला बरा. चार वर्षांखालच्या मुलांना सर्दीची मिश्र औषधं देऊ नयेत असं सरकारनेच सांगितलंय. नाकात सलाईनचे थेंब आणि एक वर्षावरच्या मुलाला झोपताना अर्धा चमचा मध, यावर बरंच भागतं. गरम पाण्याच्या पातेल्यावर वाफ नको, भाजण्याचे प्रकार त्यातूनच होतात. गळ्यातली कापराची पुरचुंडीही नको. कापूर गिळला तर झटके येतात.

जुलाब लागले की ओआरएसची मोठी पुडी पूर्ण एक लिटर पाण्यात. अर्धी पुडी अर्ध्या ग्लासात ढवळणं हा हमखास होणारा प्रकार, त्याने मीठ जास्त होऊन उलट अपाय होतो. दोन वर्षांखाली दर शीनंतर 50 ते 100 मिली, त्यावर 100 ते 200. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा चमचा-चमचा. सोबत झिंक 20 मिलिग्रॅम रोज, जुलाब थांबले तरी 14 दिवस पूर्ण. टेट्रापॅकमधलं गोड पेय म्हणजे ओआरएस नाही. सहा-आठ तास लघवी नाही, डोळे खोल गेलेत, मूल मलूल पडलंय, किंवा शांत झोपेत मिनिटाला 40 पेक्षा जास्त श्वास आणि पोट उडतंय, तर लगेच दवाखाना. श्वास पूर्ण एक मिनिट मोजायचे, पंधरा सेकंदांचे चारपट करून नाही.

आईला ताप 100.4 च्या वर गेला तर पॅरासिटामॉल 500 किंवा 650 ची एक गोळी, सहा तासांच्या अंतराने, आणि फोन. आयबुप्रोफेन, कॉम्बिफ्लामसारख्या गोळ्या गरोदरपणी नकोत, विसाव्या आठवड्यानंतर तर नाहीच. जुलाब आईलाही लागले तर तिनेही ओआरएस प्यावं, कारण पाणी कमी पडलं की पोट आवळल्यासारखं होतं. फ्लूची शंका असेल तर औषध 48 तासांच्या आत सुरू झालं तर जास्त उपयोगी. फ्लूची इंजेक्शनवाली लस गरोदरपणाच्या कोणत्याही महिन्यात घेता येते, ती पावसाळ्याआधीच घेतलेली बरी. धाप, लघवी गडद, पाणीही पोटात न ठरणं, बाळाची हालचाल कमी वाटणं: यातलं काहीही असेल तर दुसऱ्या दिवसाच्या ओपीडीची वाट बघू नका. 108 ला फोन करा.

एक विनवणी. अंगावर पुरळ असलेलं मूल किंवा स्वतःचं पुरळ घेऊन मुंबई नाक्यावरच्या दवाखान्याच्या गजबजलेल्या वेटिंगमध्ये थेट जाऊन बसू नका. तिथे रांगेत आणखी दहा गरोदर बायका असतात. आधी फोन करून वेळ आणि वेगळी खोली मागा, बहुतेक दवाखाने ती देतात.

बाळंतपणाच्या तोंडावर मात्र नियम कडक होतात. प्रसूतीच्या 5 दिवस आधीपासून 2 दिवस नंतरपर्यंत आईच्या अंगावर कांजिण्या उठल्या तर बाळाला आईकडून संरक्षण मिळायला वेळ मिळत नाही आणि आजार जीवघेणा ठरू शकतो. अशा वेळी बाळाला जन्मतःच इम्युनोग्लोब्युलिन देतात, म्हणून हे दवाखान्यात भरती होताना सांगायचंच. थोरल्याला साधी सर्दी असली तरी पहिले दोन महिने त्याने बाळाच्या तोंडाजवळ जायचं नाही. पापी पायाला, तीही हात धुऊन. आणि तपासणीत रुबेला किंवा कांजिण्यांची शक्ती नाही असं निघालं असेल तर घरी सोडताना ती लस डॉक्टरांकडून मागून घ्या. अंगावर पाजत असतानाही ती चालते.