आमची वाटचाल: ‘इथे शाळा नको’ सांगण्याचा धंदा

ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या ऑफिसात येणारे बरेच जण आधी हेच विचारतात, तुम्ही नक्की करता काय? शाळा काढायला निघालेल्या माणसाला ती तिथे चालेल का, हे आम्ही मोजून सांगतो. सुरुवात 2008ची. भागीदार एक निवृत्त मुख्याध्यापक. त्यांना सगळे सरच म्हणायचे. भांडवल माझं, पायपीट सरांची.

सरांची पद्धत अशी. रात्री नऊला सोसायटीसमोर उभं राहून उजेड असलेल्या खिडक्या मोजायच्या. विकले किती ते बिल्डर सांगतो, राहतात किती ते खिडक्या सांगतात. सकाळी साडेसहाला गेटवर, हातात टिकटिक वाजणारा काउंटर: कुठल्या शाळेची बस, किती मुलं चढली. गॅलरीत वाळणारे गणवेशसुद्धा सर वहीत टिपायचे. मग सिडकोच्या नोडचा, म्हणजे नवी मुंबईतल्या एखाद्या उपनगराचा, नकाशा, वर ट्रेसिंग पेपर, आणि बसच्या वेळेलाच गाडी चालवून आखलेली 45 मिनिटांची हद्द. कंपास फिरवून पाच किलोमीटरचं वर्तुळ काढणारा अहवाल मी आजही वाचत नाही. घोडबंदर रोडला कसलं वर्तुळ? कासारवडवलीहून माजिवड्याला शाळेच्या वेळेला निघून बघा.

2012ला स्वयंअर्थसहाय्यित, म्हणजे सरकारी अनुदानाशिवाय चालणाऱ्या, शाळांचा कायदा आला आणि चौकशा वाढल्या. ती वर्षं बरी गेली.

सांगायचंय ते घोडबंदरच्या प्रकरणाबद्दल. एका बिल्डरला आपल्या संकुलात आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट या आंतरराष्ट्रीय बोर्डाची) शाळा हवी होती, बालवाडीपासून डिप्लोमापर्यंत, म्हणजे त्यांच्या अकरावी-बारावीपर्यंत. ब्रोशर आधीच छापून तयार. आम्ही मोजणी केली, तर निम्म्याहून जास्त खिडक्या अंधारात. गुंतवणुकीचे फ्लॅट, दुसरं काय. जी कुटुंबं राहायला आली होती, त्यांच्यात दहावीनंतर मुलाला जेईईच्या क्लासला घालायचं हे जवळपास ठरलेलं. म्हणजे वरचे वर्ग रिकामेच राहणार. आणि आयबीत प्राथमिक, माध्यमिक, डिप्लोमा या प्रत्येकाची मान्यता वेगळी, वार्षिक शुल्क वेगळं, तेही परकीय चलनात. डिप्लोमाला सहा विषयगट. अकरावीत बाराच मुलं असली तरी फिजिक्सला एक, इकॉनॉमिक्सला एक असे प्रशिक्षित शिक्षक ठेवावेच लागतात. फी वाढवून भागवू म्हणाल, तर शुल्क नियमनाचा 2011चा कायदा आंतरराष्ट्रीय बोर्डांनाही सुटका देत नाही; पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे हिशेब मांडावा लागतो. आम्ही लिहिलं: डिप्लोमा नको. केंब्रिज बोर्डाची पाचवीपर्यंतची शाळा काढा, तीही संकुल भरल्यावर.

बिल्डरने आमचे उरलेले पैसे बुडवले आणि तो आमच्याकडूनच बाहेर पडलेल्या एका मुलाकडे गेला. मोजणीला कसं उभं राहायचं हे त्याला सरांनी शिकवलेलं. जाताना आमचे मोजणीचे तक्ते घेऊन गेला होता. विकला गेलेला प्रत्येक फ्लॅट म्हणजे एक कुटुंब असं त्याने धरलं, कुटुंबामागे मुलं धरली, आणि पंधरवड्यात रंगीत अहवाल तयार! त्यानंतर गावभर आमचं नाव पडलं, ‘नन्नाचा पाढा’. हातातली कामं एकेक करून गेली. बँकेने कॅश क्रेडिटची कर्जमर्यादा वाढवून दिली नाही. सरांनी आपल्या पेन्शनमधून सर्व्हेच्या पोरांचे पगार काढले, तेही मला न सांगता. ती शाळा डिप्लोमापर्यंत पोहोचलीच नाही. दोन वर्षांत बोर्ड बदललं. त्या रंगीत अहवालाबद्दल मात्र कोणी त्याला जाब विचारला नाही. तो आज सेमिनारमध्ये भाषणं देतो.

त्या काळात टिकलो ते नेरूळच्या ताईंमुळे. त्या बालवाडी चालवायच्या. खारघरच्या प्लॉटला आम्ही त्यांनाही नको म्हटलं होतं. आसपासच्या सेक्टरांत शाळा आधीच होत्या आणि त्यांतल्या अर्ध्या जागा रिकाम्या. ताईंनी अहवाल दोनदा वाचला, चेक पूर्ण रकमेचा फाडला आणि म्हणाल्या, ‘‘माझे कर्जाचे हप्ते वाचले, भाऊ.’’ पुढे त्यांनी नेरूळलाच केंब्रिजचे प्राथमिक वर्ग काढले, आणि त्यांच्या ओळखीतून आलेल्या कामांवर आमचं ऑफिस उघडं राहिलं.

कोणी शाळा काढायच्या विचारात असेल तर न विचारता सांगतो. प्रिन्सिपल वर्षभर आधी नेमा, इंटीरियरवाला नंतर. मराठीचा शिक्षक पहिल्या यादीत घ्या; 2020च्या कायद्याने मराठी सगळ्या बोर्डांना सक्तीची आहे, आणि ऐन वेळी चांगला शिक्षक मिळत नाही. ‘कँडिडेट स्कूल’ म्हणजे आयबीच्या मान्यतेच्या वाटेवर असलेली शाळा, मान्यता मिळालेली नव्हे, हे प्रवेशाला आलेल्या पालकांना आधीच सांगा, नाहीतर पुढे तेच पालक केबिनबाहेर उभे राहतात. आणि सगळे वर्ग एकदम उघडू नका.

हल्ली चौकशा नवी मुंबईतल्या उलव्याच्या जास्त येतात. अटल सेतू झाला, विमानतळ झाला, म्हणून. जातो, खिडक्या मोजतो. निम्मे पैसे आगाऊ घेतो. अहवालात ‘नको’ आलं तरी उरलेले पैसे द्यावे लागतील, हे कलम आता करारात पहिल्याच पानावर असतं.