रंगीत ट्रॉल्यांना जुळणारी लादी

स्वयंपाकघराचं काम काढलं की मुंबईत बहुतेक घरांत आधी लॅमिनेटचे कॅटलॉग पसरले जातात. मोहरी पिवळा की बाटली हिरवा, यावर आठवडा जातो आणि लादी मात्र शेवटच्या दिवशी, दुकानदार 'हा पीस खूप चालतो' म्हणाला म्हणून ठरते. खरं तर शटर, म्हणजे ट्रॉल्या-कपाटांची दारं, बदलायला दोन दिवस पुरतात. लादी बदलायची तर ट्रॉल्या बाहेर काढा, जुनी लादी फोडा, गोण्या भरून डेब्रिज उतरवा, सोसायटीची परवानगी घ्या आणि खालच्या मजल्यावरच्यांच्या छताला ओल आली तर तेही निस्तरा. एका लादीवर शटरचे दोन-तीन रंग सहज येऊन जातात. म्हणून लादी आजच्या पिवळ्याला शोभावी आणि उद्याच्या निळ्यालाही चालावी, हे बघून घ्यायची.

'रंगीत फर्निचर आहे ना, मग खाली प्लेन पांढरी टाका' हा सल्ला सगळीकडे मिळतो. तो अर्धाच बरोबर आहे. जमीन शांत हवी हे खरं, पण पांढऱ्या चकचकीत लादीइतकी रंग पकडणारी दुसरी वस्तू स्वयंपाकघरात नसते. तांबड्या ग्लॉसी शटरसमोर ती लादी टाका आणि संध्याकाळी ओट्याखालचे दिवे लावा. शटरपासून हातभर अंतरापर्यंत जमीन गुलाबी दिसते. हिरव्या शटरखाली तीच लादी आजारी पिवळट-हिरवी होते. मॅट लादीवरही थोडा रंग सांडतो, पण तो पसरट आणि फिका असतो, त्यात आरसा नसतो. शटर अ‍ॅक्रिलिकचं किंवा पीयू ग्लॉसचं, म्हणजे चकचकीत पॉलिशचं, असेल तर लादी मॅटच घ्या. दोन आरसे समोरासमोर आले की डोळ्याला बसायला जागा राहत नाही.

आता रंगाचं. लादी नुसती 'ग्रे' किंवा 'क्रीम' नसते, तिच्या पोटात आणखी एक छटा असते. ती ओळखायची सोपी रीत आहे: नमुन्याशेजारी कोरा पांढरा झेरॉक्सचा कागद ठेवा. मघाशी नुसती राखाडी वाटलेली लादी कागदाशेजारी निळसर, हिरवट, गुलाबी किंवा पिवळट दिसायला लागते. ही छटा शटरशी भांडते. निळसर राखाडी लादी मोहरी पिवळ्यासमोर आणखी निळी दिसते, कारण डोळा शेजारच्या रंगाचा विरुद्ध रंग तिच्यात भरतो. पिवळट क्रीम लादी टील (हिरवट निळा) किंवा नेव्ही ब्लूसमोर मळलेली वाटते, कितीही पुसा. सगळ्यांत जास्त रंगांना सांभाळून घेते ती राखाडी आणि बदामी यांच्या मधली छटा, ज्याला दुकानात ग्रेज म्हणतात. मोहरी, विटकरी, आंबा असे उष्ण रंग असोत किंवा टील, नेव्ही, बाटली हिरवा असे थंड, ती दोन्हीकडे चालते. फक्त गुलाबी झाक असलेली ग्रेज टाळा. हिरव्या शटरसमोर तिचा गुलाबीपणा उठून दिसतो.

वरच्या कपाटांचा रंग एक आणि खालच्या ट्रॉल्यांचा दुसरा असेल तर बारीक ठिपक्यांची, टेराझो धर्तीची लादी सगळ्यात सोयीची. जुन्या चाळींतल्या आणि सरकारी वसाहतींतल्या मोझॅकची ही बहीणच. ठिपके नखाएवढे किंवा त्याहून लहान हवेत आणि त्यांत राखाडी, बदामी, पांढरट असे दोन-तीन शांत रंगच हवेत. शटरला मॅच म्हणून पिवळे ठिपके असलेली लादी निवडू नका. पिवळं शटर गेलं की ते ठिपके पोरके होतात.

नक्षीच्या सिमेंट लाद्यांचा मोह मुंबईकराला होणारच. अशा लाद्या बनवणारी मुंबईची भारत फ्लोअरिंग्स ही कंपनी 1922 सालची आहे आणि जुन्या इमारतींतल्या अशा लाद्या आजही डोळ्यांत भरतात. पण रंगीत ट्रॉल्या आणि नक्षीची जमीन दोन्ही एकाच सात बाय आठच्या खोलीत नको. नक्षी हवीच असेल तर शटर पांढरे करा. शिवाय सिमेंट लादी सच्छिद्र असते. छिद्रं बुजवणारा सीलर लावला नाही, किंवा वेळोवेळी पुन्हा मारला नाही, तर हळद तिच्यात मुरते. साबणाचं पाणी लागलं की तो डाग आधी लाल होतो. हळदीचा डाग उन्हाने उडतो, पण डक्टकडे तोंड असलेल्या स्वयंपाकघरात ऊन आणायचं कुठून?

नमुना घरी आणल्याशिवाय लादी पक्की करू नका. शोरूमचे दिवे फसवतात. घरी 3000 केल्व्हिनचे पिवळसर दिवे असतील तर ग्रेज बदामी दिसेल, 6500 केल्व्हिनच्या पांढऱ्या ट्यूबखाली तीच राखाडी दिसेल. रंगीत स्वयंपाकघरात 4000 केल्व्हिन बरे, दोन्ही बाजूंना फार ओढत नाहीत. नमुना जमिनीवर आडवा ठेवा, भिंतीला टेकवून उभा नको, कारण प्रकाश वेगळ्या कोनातून पडतो. शेजारी शटरचा लॅमिनेट तुकडा उभा धरा. सकाळी आणि रात्री, दोन्ही वेळा बघा. मग मोबाइलवर दोघांचा एकत्र फोटो काढून तो ब्लॅक अँड व्हाइट करा. लादी आणि शटर एकाच राखाडीत विरघळले तर खोली सपाट दिसणार. लादी शटरपेक्षा एक-दोन पायऱ्या फिकी हवी. गडद शटर आणि गडद लादी मिळून लहान स्वयंपाकघराची विहीर होते.

त्याच नमुन्यावर चिमूटभर तांदळाचं पीठ टाका, चहाचे दोन थेंब वाळू द्या आणि एक काळा केस ठेवा. काळ्या लादीवर पीठ आणि वाळलेल्या पाण्याचे ठसे ओरडतात, पांढरीवर केस. मध्यम फिकी, रव्यासारखे बारीक ठिपके असलेली लादी तिन्ही पोटात घालते. दुसरी परीक्षा डागांची: हळद आणि तेल कालवून रात्रभर ठेवा, सकाळी भांड्यांच्या साबणाने पुसा. खरखरीत रस्टिक आणि उठावाच्या रेषा असलेल्या कार्व्हिंग लाद्या इथेच नापास होतात. फोडणीच्या वाफेतलं तेल त्या खाचांत बसतं, त्यावर धूळ बसते आणि वर्षभरात सगळी लादी करडी दिसते.

घसरण्याचा मुद्दा पावसाळ्यात कळतो. ड्राय बाल्कनीतून ओले पाय थेट स्वयंपाकघरात येतात. लादी घसरण किती रोखते हे सांगणारे आर-9, आर-10 असे आकडे बूट घालून, तेल ओतलेल्या उतारावर चालून ठरवतात. गुळगुळीत मॅट बहुधा आर-9 असते, स्वयंपाकघरासाठी आर-10 मागा. त्यापुढच्या खडबडीत लाद्या पुसताना जीव काढतात.

प्रकार निवडायला फार वेळ लागू नये. जमिनीसाठी व्हिट्रिफाइड, म्हणजे काचेसारखी घट्ट भाजलेली लादी, पाणी शोषण 0.5 टक्क्याहून कमी. बॉक्सवर आयएस 15622 हे भारतीय मानक आणि गट बी-वन-ए लिहिलेलं असतं. भिंतीची सिरॅमिक लादी जमिनीवर लावू नका, ती 10 टक्क्यांहून जास्त पाणी पिते आणि कुकर पडला की फुटते. व्हिट्रिफाइडमध्येही फरक आहे. जीव्हीटीवर, म्हणजे ग्लेझ्ड व्हिट्रिफाइडवर, रंग छापून वर ग्लेझ असते, म्हणून टवका उडाला की आतलं वेगळ्या रंगाचं अंग दिसतं. डबल चार्जमध्ये रंगाचा थर तीन-चार मिलिमीटरचा असतो, फुल बॉडीत तो आरपार. खलबत्ता ओट्याऐवजी जमिनीवर वापरणाऱ्या घराने फुल बॉडी घ्यावी. जीव्हीटीच घेणार असाल तर डिझाइनचे किती वेगळे फेस, म्हणजे छापील नमुने, आहेत ते विचारा. दोनच असतील तर तीच शीर पाच ठिकाणी दिसते आणि दगडाचा आभास तिथेच संपतो.

माप मुंबईच्या खोलीला साजेसं हवं. हल्ली सगळे 2 बाय 4 फुटी लादी घेतात. लहान स्वयंपाकघरात तिचे निम्मे तुकडे कापण्यात जातात, आणि जाळीकडे ढाळ द्यायचा तर एवढी लांब लादी दोन दिशांना वाकत नाही. 2 बाय 2 म्हणजे 600 बाय 600 मिलिमीटर पुरे. एका बॉक्समध्ये चार लाद्या, 15.5 चौरस फूट.

हिशेब असा: 7 बाय 8 फुटांची खोली, 56 चौरस फूट. कापाकापीचे 10 टक्के धरून 61.6. चार बॉक्स म्हणजे 62, कागदावर बसतं. पण स्कर्टिंग (भिंतीच्या पायाशी लावायची पट्टी) आणि दोन-चार जादा लाद्या धरल्या तर पाच बॉक्स हवेत, लांब स्कर्टिंग असेल तर सहा. एका लादीतून चार इंची स्कर्टिंगच्या, कटरचं नुकसान सोडून, पाच पट्ट्या निघतात. सगळे बॉक्स एकाच बॅच आणि शेड नंबरचे आहेत का, हे टेम्पो उभा असतानाच बघा. गुजरातेत लाद्या जिथे बनतात त्या मोरबीहून आलेल्या पुढच्या लॉटमध्ये तेच नाव असतं, पण छटा सरकलेली असते, आणि नेमकी ग्रेजमध्ये ती चटकन कळते. अ‍ॅडेसिव्हच्या (लादी चिकटवायच्या मालाच्या) 20 किलोच्या पिशवीत, थर तीन-चार मिलिमीटरचा असेल तर, 40 ते 50 चौरस फूट होतात, म्हणजे दोन पिशव्या.

अ‍ॅडेसिव्हवर वाद घालणारा कारागीर भेटेलच. 'आम्ही वीस वर्षं सिमेंटवरच लावतो.' व्हिट्रिफाइड लादी पाणी जवळजवळ पीतच नाही, त्यामुळे साधी सिमेंटची लापशी तिला धरत नाही. वर्षभरात ठोकल्यावर बद्द आवाज येतो, मग एक दिवस जड सिलिंडर सरकवताना कोपरा उडतो. चिकटवायचा माल आयएस 15477 टाइप 2 चा मागा. दातेरी थापीने जमिनीवर ओढा, लादीच्या पाठीलाही पातळ थर द्या. पाचवी-सहावी लादी लगेच उचलून पाठ बघा: पाठभर माल लागलेला हवा. चार कोपऱ्यांत चार गोळे आणि मध्ये रिकामं दिसलं तर काम थांबवा. पसरलेला माल वीसेक मिनिटांत वरून सुकतो, म्हणून एका वेळी दोन-तीन लाद्यांपुरताच पसरायचा.

जुनी लादी न काढता वर नवी लावायचा पर्याय आहे. जुनी कुठेही पोकळ नसेल तरच. नऊ मिलिमीटरची लादी आणि माल मिळून जमीन 12-13 मिलिमीटर वर येते. दरवाजा खालून कापावा लागतो आणि हॉलच्या बाजूला उंबरठ्याची ग्रॅनाइट पट्टी. पिशवीवर 'टाइल ऑन टाइल' छापलेलं हवं, आणि सोसायटीला वजनाबद्दल आधी विचारलेलं बरं.

पूर्ण लादी कुठून सुरू करायची, हे आधी ठरवा. ओट्यासमोरच्या मोकळ्या भिंतीपासून किंवा दारातून अखंड लाद्या घ्या आणि कापलेले तुकडे ट्रॉल्यांखाली जाऊ द्या. ट्रॉल्यांखाली लादी वाचवायचा सल्ला ऐकू नका. सिंकखाली गळती झाली की लादीवरचं पाणी बाहेर येतं आणि कळतं, कोब्यात ते मुरतं आणि खालच्या घरात कळतं.

सांधे तीन मिलिमीटरचे ठेवा, त्यांत भरायचा माल, म्हणजे ग्राउट, एपॉक्सी घ्या. या खोलीला किलोभर पुरतो. रंग लादीपेक्षा एक छटा गडद. पांढरा सिमेंट ग्राउट सिंकसमोर महिन्याभरात काळा पडतो, आणि शटरला मॅच रंगाचा ग्राउट म्हणजे पुन्हा त्या पिवळ्या ठिपक्यांचीच कथा. रेझिन, हार्डनर आणि फिलर कालवल्यावर हाताशी पाऊण-एक तास असतो, उन्हाळ्यात त्याहूनही कमी, म्हणून एकदम सगळा कालवू नये. मॅट लादीवर एपॉक्सीची पातळ फिल्म राहते. त्याच वेळी कोमट पाणी आणि पांढऱ्या पॅडने ती निघते. दुसऱ्या दिवशी ती दगड होते आणि मग लादीच डागाळलेली आहे असा सगळ्यांचा समज होतो.

नंतरचं थोडं. खुर्च्यांच्या पायांना लावलेल्या काळ्या स्वस्त रबराच्या बुशांचे डाग फिक्या मॅट लादीवरून जात नाहीत, रंगीत खुर्च्यांना नायलॉनचे किंवा फेल्टचे पाय लावा. सिलिंडर चाकांच्या ट्रॉलीवर ठेवा, नाहीतर पावसाळ्यात त्याचं गंजाचं वर्तुळ उमटतं. फिनेल जास्त झालं की मॅट लादी चिकट होते. बादलीभर पाण्यात झाकणभर साबण पुरे. अ‍ॅसिड नको.

उरलेल्या लाद्या माळ्यावर उभ्या ठेवा, बॉक्सवरच्या शेड आणि बॅच नंबराचा फोटो बिलाबरोबर जपा. पाच वर्षांनी नळवाल्याने एक लादी फोडली तर तो नंबर दाखवूनही दुकानात तीच छटा मिळायची नाही. माळ्यावरचीच लावावी लागेल.