मतदार ओळखपत्रावर काठमांडू

परदेशातले शहर पाहायचे म्हणजे आधी पासपोर्ट, मग व्हिसा आणि हाताशी लाखभर रुपये हवेत, ही समजूत ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्यासारख्या मराठी घरांत आजही पक्की आहे आणि माझ्या वर्गातही ती तितकीच पक्की होती. नोव्हेंबर 2024 मध्ये जिवाजी विद्यापीठात शिकणारे आम्ही पाच जण, तीन मुली आणि दोन मुलगे, गुरुनानक जयंतीच्या शुक्रवारची सुटी जोडून शनिवार-रविवार काठमांडूला जाऊन आलो. पासपोर्ट आमच्यापैकी फक्त दोघांकडे होता आणि खर्चाची मर्यादा प्रत्येकी 18,000 रुपये ठरलेली होती. हा प्रवास कसा जमवला ते सविस्तर लिहीत आहे, कारण ज्या माहितीमुळे तो शक्य झाला ती आम्हाला कोणी आपणहून सांगितली नव्हती.

भारत आणि नेपाळ यांच्यात 1950 साली झालेल्या शांतता आणि मैत्री करारामुळे दोन्ही देशांच्या नागरिकांना एकमेकांकडे व्हिसाशिवाय जाता येते, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. विमानाने जाताना मात्र कोणते ओळखपत्र चालते याविषयी गोंधळ आहे. आपल्या दैनंदिन जीवनात आधार कार्ड सगळीकडे चालते, म्हणून ते इथेही चालेल असे गृहीत धरले जाते, आणि ते चुकीचे आहे. पंधरा ते पासष्ट या वयोगटातल्या भारतीय नागरिकाला या प्रवासासाठी वैध पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाने दिलेले छायाचित्र असलेले मतदार ओळखपत्र लागते. पंधरा वर्षांखालील मुले आणि पासष्टच्या पुढचे ज्येष्ठ यांना आधारसारखे दुसरे छायाचित्र असलेले ओळखपत्र चालते आणि पंधरा ते अठरा वयाच्या विद्यार्थ्यांना मुख्याध्यापकांनी ठरावीक नमुन्यात दिलेले प्रमाणपत्र चालते. आमच्या वयाच्या मुलांसाठी मतदार कार्ड हाच सर्वांत स्वस्त मार्ग होता. साध्या पासपोर्टचे शुल्क 1,500 रुपये, शिवाय पोलीस पडताळणीची वाट पाहणे आले. मतदार नोंदणीला एक पैसाही लागत नाही.

आमच्यातल्या दोघींकडे हे कार्ड आधीपासून होते. पाचवा मित्र मूळचा ग्वाल्हेरजवळच्या दतियाचा असून ग्वाल्हेरला खोली घेऊन राहतो आणि त्याने तोपर्यंत मतदार म्हणून नोंदणीच केलेली नव्हती. शिक्षणासाठी घराबाहेर राहणाऱ्या विद्यार्थ्याला राहत्या ठिकाणी किंवा मूळ घराच्या पत्त्यावर, दोन्हींपैकी एकीकडे नाव नोंदवता येते. पत्त्याचा पुरावा दतियाचा होता, म्हणून त्याने तिथलाच पत्ता निवडला, निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर सहा क्रमांकाचा अर्ज भरला आणि छायाचित्र, वयाचा दाखला म्हणून दहावीची गुणपत्रिका आणि पत्त्याचा पुरावा जोडला. काही दिवसांनी तिथले बीएलओ, म्हणजे मतदान केंद्राचे अधिकारी, घरी येऊन विचारपूस करून गेले. नाव यादीत चढून ओळखपत्राचा क्रमांक आधी मिळतो आणि प्रत्यक्ष कार्ड पोस्टाने नंतर येते. तिकिटे काढण्याच्या दृष्टीने हा मधला काळ फार महत्त्वाचा ठरला, कारण विमानाचे भाडे रोज वर सरकत होते आणि कार्ड येईपर्यंत थांबावे की नाही यावर आमच्यात बराच खल झाला. क्रमांक मिळून यादीतले नाव आणि त्याचे स्पेलिंग डोळ्यांनी पाहिल्यावरच तिकिटे काढायची, असा निर्णय शेवटी झाला आणि मला तो आजही योग्य वाटतो.

नावाचा मुद्दा मराठी कुटुंबांनी विशेष लक्षात घ्यावा. आपल्याकडे स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असे तिन्ही एका ओळीत लिहिण्याची पद्धत आहे. मतदार कार्डावर वडिलांचे किंवा पतीचे नाव वेगळ्या ओळीत येते, तर काही जणांच्या पासपोर्टात वडिलांचे नाव स्वतःच्या नावालाच जोडलेले असते. शिवाय मध्य प्रदेशातल्या यादीत आपली आडनावे हिंदी उच्चाराप्रमाणे लिहिली जातात आणि त्यावरून रोमन स्पेलिंग तयार होते, त्यामुळे एकाच घरातल्या बहिणींच्या आडनावांत एखाद्या अक्षराचा फरक सापडतो. म्हणून आम्ही प्रत्येकाचे तिकीट त्याच्या जवळच्या ओळखपत्रावर जसे नाव आहे तसेच अक्षर न् अक्षर भरले. फरक फार मोठा असेल तर आठ क्रमांकाच्या अर्जाने दुरुस्ती करून घेता येते, परंतु त्यालाही वेळ लागतो.

दुसरा मोठा प्रश्न कसे जायचे हा होता. सर्वांत स्वस्त मार्ग ग्वाल्हेरहूनच सुटतो: बरौनी मेलने गोरखपूर, तिथून सोनौलीची सीमा आणि पलीकडे काठमांडूची बस. आम्ही त्याचा हिशेबही मांडला होता. मात्र 2024 चा पावसाळा नेपाळच्या रस्त्यांना फार वाईट गेला होता. जुलैमध्ये नारायणगढ-मुग्लिन रस्त्यावर दरड कोसळून दोन बस त्रिशूली नदीत वाहून गेल्या आणि सोनौलीहून काठमांडूला जाणाऱ्या बस याच रस्त्याने जातात. ऑगस्टमध्ये पोखऱ्याहून काठमांडूकडे निघालेली भारतीय यात्रेकरूंची बस मर्स्यांगदी नदीत कोसळून 27 जणांचा मृत्यू झाला. ते बहुतेक जळगाव जिल्ह्यातले होते आणि आमच्या घरी त्या दिवशी मराठी वाहिन्यांवर तीच बातमी दिवसभर चालू होती. सप्टेंबरच्या अखेरीस अतिवृष्टीने दोनशेहून अधिक माणसे दगावली आणि काठमांडूला जोडणारे महामार्ग खचले. बाबांनी स्पष्ट सांगितले की बसने जाणार असाल तर माझी परवानगी नाही, आणि मला त्यांचे म्हणणे पूर्ण पटले. खर्चाच्या बाजूनेही पाहिले तर रस्त्याने जाण्या-येण्यातच सगळे दिवस संपले असते. म्हणून दिल्लीहून विमान ठरले आणि जाण्यायेण्याचे सुमारे 11,500 रुपये, म्हणजे अर्ध्याहून अधिक पैसे, तिकिटातच गेले. उरलेल्या रकमेत बाकी सगळे बसवायचे होते, म्हणून चेक-इनचे सामान न घेता प्रत्येकाने सात किलोंच्या आत बसणारी एकच पाठपिशवी भरली.

पैशांची तयारी ग्वाल्हेरमध्येच झाली. एका भारतीय रुपयाला 1.6 नेपाळी रुपये हा दर ठरलेला आहे, त्यामुळे नेपाळी रकमेला आठाने भागून पाचाने गुणले की आपले रुपये मिळतात. हजार नेपाळी म्हणजे 625 भारतीय. शंभरहून मोठ्या भारतीय नोटांवर नेपाळ सरकारने डिसेंबर 2018 मध्ये घातलेली बंदी तेव्हा लागू होती, म्हणून ग्वाल्हेरच्या महाराज बाडा चौकातल्या बँकेतून आम्ही शंभराच्याच नोटा मागून घेतल्या. मार्च 2024 पासून नेपाळमधल्या पुष्कळ दुकानांतल्या क्यूआर कोडवर भारतीय यूपीआयने पैसे देता येतात, पण त्यासाठी ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार आधी सुरू करून ठेवावे लागतात. तेही निघण्यापूर्वी उरकले. प्रत्येकाने सारखी वर्गणी काढून सामाईक खर्च एकाच मैत्रिणीच्या हाती दिला आणि ती प्रत्येक खर्च वहीत लिहीत गेली.

गुरुवारी रात्री उशिराच्या गाडीने निघून पहाटे दिल्लीला पोहोचलो आणि नवी दिल्ली स्थानकावरून एअरपोर्ट एक्स्प्रेस मेट्रोने टर्मिनल 3 गाठले. त्या आठवड्यात दिल्लीवर धुरक्याचा दाट थर होता आणि उड्डाणे मागेपुढे होत होती. चेक-इनच्या काउंटरवरील कर्मचाऱ्याने दतियाच्या मित्राचे नवेकोरे मतदार कार्ड पाहून पासपोर्ट मागितला. काठमांडूतील भारतीय दूतावासाने प्रसिद्ध केलेल्या नियमाची छापील प्रत आम्ही सोबत ठेवली होती, ती शांतपणे पुढे केली. त्याने वरिष्ठांना विचारले आणि बोर्डिंग पास दिला. ही एक प्रत छापून घ्यायला दोन रुपये लागतात. मोबाईलमधली पीडीएफ दाखवण्यापेक्षा मूळ कार्ड आणि छापील कागद यांचा उपयोग अधिक होतो, असे मी खात्रीने सांगेन. इमिग्रेशनमध्येही प्रवासाचे कारण आणि परतीचे तिकीट एवढेच विचारले गेले.

जाताना विमानाच्या डाव्या बाजूला बसावे, म्हणजे हिमालयाची रांग दिसते. त्रिभुवन विमानतळाला एकच धावपट्टी असल्याने विमानांना पुष्कळदा आकाशातच थांबावे लागते आणि आमच्याही विमानाने घिरट्या घातल्या. उतरल्यावर इतर देशांचे प्रवासी पंधरा दिवसांच्या व्हिसासाठी 30 डॉलर भरत रांगेत उभे होते. आम्ही ओळखपत्रे दाखवून बाहेर पडलो. पासपोर्ट असलेल्या एका मित्राने स्थानिक सिम घेतले आणि बाकीचे चौघे त्याच्या हॉटस्पॉटवर राहिलो.

राहण्यासाठी ठमेल या पर्यटकांच्या भागातल्या गजबजाटात न जाता छेत्रपाटीजवळचे साधे अतिथीगृह घेतले होते, माणशी रात्रीला सहाशे भारतीय रुपयांच्या आसपास. तिथून असन, इंद्रचोक आणि वसंतपूरचा दरबार चौक पायी गाठता येतो, त्यामुळे पहिल्या संध्याकाळी वाहनावर काहीच खर्च झाला नाही. 25 एप्रिल 2015 च्या भूकंपात पूर्ण कोसळलेला काष्ठमंडप हा तिथला जुना लाकडी मंडप आता पुन्हा लाकडातच उभा आहे. जेवणात डाळ-भात हा विद्यार्थ्यांसाठी फार उपकारक पदार्थ, कारण एका थाळीत भात, डाळ आणि भाजी पुन्हा पुन्हा वाढतात.

शनिवारचा बहुतेक दिवस आम्ही काठमांडूशेजारच्या भक्तपूर या जुन्या शहराला दिला. पाटण आणि भक्तपूर दोन्ही करावीत असा दोघांचा आग्रह होता, पण वेळ पाहता एकच नीट पाहावे असे बहुमताने ठरले. रत्नपार्कजवळून तिकडे साधी बस जाते. शहरात शिरताना प्रवेशशुल्क असते आणि भारतासह सार्क गटातल्या दक्षिण आशियाई देशांच्या नागरिकांना ते 500 नेपाळी रुपये होते, इतर परदेशी पर्यटकांना 1,800. सवलतीसाठी राष्ट्रीयत्वाचा पुरावा लागतो, म्हणजे तिथेही ते मतदार कार्ड कामी आले. भूपतींद्र मल्ल राजाने 1702 च्या सुमारास बांधलेले पाच छपरांचे न्यातपोल मंदिर 1934 आणि 2015 या दोन्ही मोठ्या भूकंपांतून उभे राहिले आहे. मातीच्या भांड्यातले जुजु धौ हे गोडसर दही खात त्याच्या पायऱ्यांवर आम्ही बराच वेळ बसलो आणि त्या दुपारी आणखी कुठे धावलो नाही याचे मला समाधान आहे.

संध्याकाळी परत आल्यावर एक ठिकाण माझ्या आग्रहाने पाहिले. रत्नपार्कजवळच्या जामे मशिदीपाशी बेगम हजरत महल यांची कबर आहे. 1857 च्या उठावात अवध लढवून त्या नेपाळात आश्रयाला गेल्या आणि 1879 मध्ये काठमांडूतच वारल्या. नानासाहेब पेशवेही 1859 मध्ये नेपाळच्या तराईत गेले. त्याआधी जून 1858 मध्ये तात्या टोपे आणि नानासाहेबांचे पुतणे रावसाहेब यांनी ग्वाल्हेर घेतल्यावर इथेच नानासाहेबांच्या नावाने पेशवाईची द्वाही फिरवली होती आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत राणी लक्ष्मीबाई इथे धारातीर्थी पडल्या. फुलबागेतल्या राणीच्या समाधीवरून रोज जा-ये करणाऱ्या माझ्यासारख्या मुलीला त्या साध्या कबरीपाशी उभे राहणे या प्रवासातले सर्वांत मोलाचे वाटले. तिथे तिकीटही लागत नाही. ग्वाल्हेरहून काठमांडूला जाणाऱ्या प्रत्येकाने तिथे जावे, असे मला मनापासून वाटते.

रविवारचा क्रम अंतरांवरून ठरवला होता. पशुपतिनाथ विमानतळाजवळ आहे आणि तिथून बौद्धनाथ चालत जाण्याच्या अंतरावर. म्हणून खोली सोडून पाठपिशव्या घेऊनच पहाटे निघालो. मंदिरात चामड्याच्या वस्तू नेता येत नाहीत, त्यामुळे दोघे बाहेर सामानाशी थांबले आणि तिघांनी दर्शन घेतले, मग अदलाबदल केली. शनिवार नेपाळचा सुटीचा दिवस असल्याने देवळांत त्या दिवशी गर्दी उसळते. रविवारी पहाटे रांग पुष्कळ कमी होती. आजीने सांगितलेला रुद्राक्ष तिथेच घेतला. बौद्धनाथच्या स्तूपाला प्रदक्षिणा घालून थुक्पा, म्हणजे नूडल्सचे गरम सूप, खाल्ला आणि दुपारी थेट विमानतळावर गेलो, त्यामुळे टॅक्सीची एक फेरी वाचली.

उरलेले नेपाळी रुपये आम्ही शनिवारी रात्रीच ठमेलमध्ये बदलून घेतले होते आणि रविवारपुरतेच थोडे हाताशी ठेवले होते, कारण ग्वाल्हेरमध्ये ते सहजी कोणी घेत नाही. परतीच्या रात्रीच्या गाडीत मैत्रिणीने वही उघडून हिशेब केला. रेल्वे, विमान, राहणे, खाणे, प्रवेशशुल्क आणि सिम मिळून प्रत्येकी साधारण 16,500 रुपये लागले होते, आणि उरलेली वर्गणी तिने आग्र्याच्या आधीच सगळ्यांच्या खात्यात परत पाठवली.